संगणकाची राखण

मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर, उरण तालुक्यात, न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. २७ जून २०१७ रोजी या बंदरातील एका टर्मिनलचे काम अकस्मात ठप्प झाले. वादळ झाले नव्हते, संप नव्हता, क्रेनही मोडल्या नव्हत्या. परंतु कोणती पेटी कोठे ठेवली आहे आणि ती कोठे जावयाची आहे, हे सांगणारे संगणकच मुके झाले होते. हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश कंपनीच्या समूहाकडून चालविले जात होते, आणि त्या दिवशी जगभर पसरलेले मर्स्कचे सारे संगणक-जाळे एका घातक प्रोग्रामने निकामी केले होते.

या हल्ल्याला पुढे ‘नॉटपेट्या’ असे नाव पडले. त्याचा रोख न्हावा-शेवावर नव्हता; तो युक्रेनवर होता. तेथील पुष्कळ कंपन्या कराच्या हिशेबासाठी जो प्रोग्राम वापरीत, त्याच्या अपडेटच्या वाटेने तो आत शिरला आणि पाहता पाहता देशांच्या सीमा ओलांडून गेला. ‘माझ्या संगणकात चोरण्यासारखे आहे तरी काय?’ असे म्हणून निर्धास्त राहणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात घ्यावी. वणवा गवताच्या मालकाचे नाव विचारून पेटत नाही.

तो पसरला कसा, हे समजून घेतले म्हणजे राखण कशी करावी हेही आपोआप उमगते. त्याचे मार्ग मुख्यतः दोन होते. विंडोज या प्रणालीत एक फट होती. ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. पण ती सर्वांनी करून घेतली नव्हती. दुसरा मार्ग अधिक कपटी होता. शिरकाव झालेल्या संगणकाच्या स्मृतीत जे पासवर्ड सापडत, ते घेऊन हा प्रोग्राम शेजारच्या संगणकांची दारे उघडी. म्हणजे ज्यांनी दुरुस्ती केली होती, तेही एका बेसावध शेजाऱ्यामुळे सापडले.

यावरून पहिला नियम असा, की अपडेटची सूचना आली म्हणजे ‘उद्या पाहू’ म्हणू नये. विंडोज १० ला मिळणारी सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. तेव्हा जुन्या यंत्रावर दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्यांनी याचा विचार अवश्य करावा. दुसरा नियम असा, की एकच पासवर्ड सर्वत्र वापरू नये. निदान बँकेचा आणि ई-मेलचा तरी अगदी निराळा असावा. कारण ई-मेल हाती आला, की इतर बहुतेक पासवर्ड त्यावरून बदलून घेता येतात. रोजच्या कामासाठी सर्वाधिकार नसलेले खाते वापरावे. आपण साध्या खात्याने काम करीत असलो, तर आत शिरलेल्या चोराचेही हात काहीसे बांधलेले राहतात.

येथे कोणी विचारील, की युक्रेनमध्ये विष अपडेटच्याच वाटेने आले ना? मग अपडेट करावेच कशाला? शंका रास्त आहे. परंतु एका बाटलीत कोणी विष कालविले म्हणून आपण औषध सोडीत नाही. न बुजविलेल्या फटीतून होणारा घात नित्याचा. अपडेटमधून होणारा क्वचित. मात्र या शंकेतून एक गोष्ट कळते. सर्व काही यथास्थित करूनही एखादे दिवशी घात होऊ शकतो. त्या दिवसासाठी तिसरा नियम आहे, तो निराळ्या प्रतीचा.

मर्स्कच्या जाळ्यात कोणाला कोठवर प्रवेश द्यावयाचा, याची नोंद ठेवणारे सुमारे १५० प्रमुख संगणक होते. प्रत्येकाजवळ इतरांची नक्कल असे. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब. परंतु ते सर्व एकमेकांस जोडलेले असल्यामुळे एकदमच पुसले गेले. वाचला तो एकच, आफ्रिकेत घाना येथील; कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती! त्यातील नक्कल माणसांच्या हाती घानातून नायजेरियात आणि तेथून इंग्लंडला पोहोचविण्यात आली, तेव्हा जाळे पुन्हा उभे राहू लागले. सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने सज्ज करावे लागले.

ज्या कंपनीला मोठा खर्च परवडत होता, तिला वीज जाण्याच्या योगायोगाने तारले. आपण योगायोगावर विसंबण्याचे कारण नाही. दुकानाची खाती, मुलीचा प्रबंध, घरातील गेलेल्या माणसांची छायाचित्रे यांची नक्कल दर आठवड्यास वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी, आणि काम होताच ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. जोडलेली नक्कल ही नक्कलच नव्हे. अधूनमधून ती उघडूनही पाहावी. नॉटपेट्या पडद्यावर खंडणी मागत असे, पण पैसे देऊनही माहिती परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. तेथे खंडणी निरुपयोगी होती. कामास आली ती कपाटातील डिस्कसारखी अलग राहिलेली प्रत.

एक वाट मात्र कोणत्याही अपडेटने बुजत नाही. ती म्हणजे आपले भय आणि आपला लोभ. फोनवरून पोलीस म्हणवून ‘डिजिटल अटक’ करणारा भामटाच असतो. तशी अटक आपल्या कायद्यात नाही. ओटीपी कोणासही सांगू नये. तरीही पैसे गेलेच, तर संकोचात वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी रोखता आली, तरच ती परत मिळण्याची आशा असते.

यांतील कोणत्याही कामास तज्ज्ञ लागत नाही. आठवड्याची पंधरा मिनिटे लागतात, आणि ती आपली आपणच काढावी लागतात. आपला संगणक नीट राखणारा केवळ स्वतःचेच रक्षण करीत नाही. त्याच्या दारातून शेजाऱ्याकडे जाणारी वाटही तो बंद करीत असतो.