आधी अ‍ॅडॉप्टर, मग सोल्डरिंग

जुना व्हिडिओ गेम दुरुस्त करायचा म्हटलं की नवशिक्याचा हात थेट सोल्डरिंग आयर्नकडे जातो. तो आधी मल्टिमीटरकडे जायला हवा. निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला. त्याला १० व्होल्ट डीसी लागतो, आणि तोही पिनच्या मध्यभागी ऋण टोक असलेला. त्याचा अमेरिकी भाऊ एनईएस, त्याचा अ‍ॅडॉप्टर मात्र ९ व्होल्ट एसीचा. पिन मुकाट्याने फॅमिकॉममध्ये बसते, पण एसीचा डीसी करणारा ब्रिज फक्त एनईएसच्या पोटात असतो. चाळीस वर्षं तगलेलं यंत्र अशा एका अ‍ॅडॉप्टरने कायमचं गप्प होऊ शकतं.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे कित्येक घरांत खेळला गेलेला ‘टीव्ही गेम’ म्हणजे याच फॅमिकॉमची नक्कल. कार्ट्रिज चालली नाही की आपण फुंकर मारायचो. गेम सुरू व्हायचा तो कार्ट्रिज काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरेतल्या ओलाव्याने संपर्कपट्ट्या उलट गंजतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि काडी काळी यायची थांबेपर्यंत पुसा. निम्मे ‘मेलेले’ गेम एवढ्यावर उठून बसतात. नकली यंत्रावर मात्र फार जीव टाकू नका. पुढच्या काळातल्या नकलांमध्ये सगळा गेम काळ्या इपॉक्सीच्या एका ठिपक्याखाली असतो. तो बिघडला की बदलायला काही उरत नाही.

कंडेन्सर सरसकट बदलण्याचं फॅड मला पटत नाही. फॅमिकॉमचे बहुधा ठीक असतात. सेगाच्या १९९० च्या गेम गिअरची गोष्ट वेगळी: त्यातले कंडेन्सर पाझरतात आणि तो द्रव बोर्डावरचं तांबं खातो. तिथे थांबायचं नाही.

आता पडदा. फॅमिकॉमचं चित्र २४० ओळींचं, पिक्चर ट्यूबसाठीच बेतलेलं. नव्या टीव्हीवर ते फुगतं, उशिरा उमटतं. ‘डक हंट’ची बंदूक तर तिथे चालतच नाही, कारण तिला ट्यूबवरची उजेडाची विशिष्ट लुकलुक ओळखावी लागते. त्यासाठी स्टुडिओतले सोनीचे महागडे पीव्हीएम मॉनिटर शोधत फिरायची गरज नाही. भंगारात निघालेला चौदा इंची टीव्ही पुरतो. फक्त जपानी यंत्राचं चित्र एनटीएससी पद्धतीचं असतं. नुसत्या पॅल टीव्हीवर ते आलं तरी रंगाविना येतं. त्यामुळे दोन्ही पद्धती घेणारा आणि व्हिडिओ-इन असलेलाच उचला.

त्याचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. रंगीत ट्यूबच्या अ‍ॅनोडवर वीस हजार व्होल्टच्या पुढचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काचेत साठून राहू शकतो. जुना टीव्ही मेकॅनिक गाठा. ‘ईएचटीचे आणि योकचे ड्राय सोल्डर बघून द्या’ एवढं सांगितलंत तरी काय करायचं ते त्याला कळतं.