चार इमारती, एक अधिष्ठाता

भायखळ्याचे सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय, बोरीबंदर स्थानकाच्या पिछाडीचे सेंट जॉर्ज, क्रॉफर्ड मार्केटनजीकचे गोकुळदास तेजपाल आणि आझाद मैदानाजवळचे कामा व आल्ब्लेस, ही चार रुग्णालये सरकारी दप्तरात वर्षानुवर्षे 'जे. जे. समूह' या एकाच शीर्षाखाली नांदत आली आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचा अधिष्ठाता त्यांचा प्रमुख मानला गेला. तथापि प्रमुखपद आणि मुखत्यारी यांत जे अंतर असते, ते या समूहाइतके ठळकपणे अन्यत्र क्वचितच दिसेल.

या चौघांचे कुळ एक नाही. जमशेटजींच्या एक लाख रुपयांच्या देणगीत कंपनी सरकारने आपली भर घातली आणि १८४५ मध्ये महाविद्यालय व रुग्णालय एकाच आवारात उभे राहिले. भाऊ दाजी लाड तेथल्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीतले. सेंट जॉर्ज हे युरोपीयांसाठी होते. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी देणगी देताना स्त्रियांच्या रुग्णालयाचा कारभार स्त्री डॉक्टरांच्याच हाती राहावा अशी अट घातली, आणि १८८६ मध्ये सुरू झालेल्या त्या रुग्णालयाची सूत्रे इंग्लंडहून आलेल्या एडिथ पीची यांनी सांभाळली. कारभार कोणाच्या हाती असावा हे दात्याने इतक्या निःसंदिग्ध शब्दांत सांगितल्याचे उदाहरण आजच्या कोणत्याही शासननिर्णयात सहसा सापडत नाही, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

कारभारातील वैगुण्याची किंमत या समूहाने १९८६ च्या आरंभी मोजली. मेंदूवरील अथवा डोळ्यांतील दाब उतरविण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले, आणि बरे होण्याच्या आशेने जे. जे.त दाखल झालेले १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने या प्रकरणाचा माग काढता काढता रुग्णालयाचे भांडार, खरेदीची पद्धत, औषध प्रशासनाची परवाने देण्यातील व तपासणीतील ढिलाई आणि अखेर मंत्रिस्तरावरील हस्तक्षेप येथवर मजल मारली. आयोगाचा अहवाल वाचताना मन अस्वस्थ होते ते एखाद्या दुष्ट इसमाच्या करणीने नव्हे. प्रत्येक कारकुनाने, प्रत्येक समितीने आणि प्रत्येक तपासनिसाने आपापला कागद पुढे सरकवला आणि बाटलीत काय आहे हे पाहणे दुसऱ्या कोणाचे तरी काम आहे असे प्रत्येकाने गृहीत धरले, या साध्या गोष्टीने.

त्या घटनेपासून शासनाने घेतलेला धडा मात्र विचित्र म्हणावा लागेल. देखरेख रुग्णाच्या खाटेजवळ आणण्याऐवजी ती उत्तरोत्तर दूर नेण्यात आली. आज अधिष्ठात्याच्या हाताखालच्या अध्यापकांची निवड लोकसेवा आयोग करतो, बदल्या मंत्रालयात ठरतात, गळके छप्पर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अखत्यारीत येते, आणि वैद्यकीय शिक्षण विभाग व सार्वजनिक आरोग्य विभाग ही दोन बिऱ्हाडे वेगळीच आहेत. २०१७ पासून औषधांची व उपकरणांची खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपविली गेली. ज्या हाफकिनने १८९७ मध्ये ग्रँट महाविद्यालयातील तुटपुंज्या जागेत बनविलेली प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली, त्याच्या नावाच्या संस्थेवर निविदा आणि दरकरार यांचे ओझे पडावे, हा नियतीचा विनोदच. मागणी, मंजुरी आणि पुरवठा यांत महिने लोटू लागले. बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून ताटकळलेल्या माणसाच्या हाती अखेर बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी पडू लागली. आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदीचे स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. त्याच वर्षी, सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना, नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका अहोरात्रीत २४ रुग्ण मरण पावले, त्यांत १२ नवजात अर्भके होती, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. औषधांचा साठा आणि रिक्त पदे यांचा जाब न्यायासनाला विचारावा लागतो, याचा अर्थ मधल्या साऱ्या पायऱ्यांवर तो कोणी विचारलेला नसतो.

वास्तविक पायऱ्यांची वाण नाही. महालेखापालांचे तपासनीस येतात, पण त्यांचा अहवाल सभागृहापुढे येईतो मुदत संपलेली औषधेही केव्हाच नष्ट केलेली असतात. लोकप्रतिनिधींच्या अभ्यागत समित्या असतात. त्यांच्या भेटीपूर्वी कक्षातल्या चादरी बदलल्या जातात, एवढा त्यांचा लाभ निर्विवाद आहे. ज्यांना कक्षाची खरी नाडी कळते, ते निवासी डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण ज्यांना 'मामा' नि 'मावशी' म्हणतात ते चतुर्थ श्रेणीचे सेवक, यांना मात्र यांपैकी कोणत्याही मेजावर खुर्ची नाही. त्यांचा आवाज वर पोहोचतो तो बहुधा संपाच्या नोटिशीतून.

२०२४ मध्ये गोकुळदास तेजपाल आणि कामा यांना जोडून ५० विद्यार्थ्यांचे स्वतंत्र शासकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि समूहाची जुनी मांडणी उसवली. नव्या अधिष्ठात्याला कार्यालय मिळेल, शिक्काही मिळेल. तातडीच्या औषधासाठी वरच्या मंजुरीची वाट न पाहता किती रकमेपर्यंत त्याने स्वतःच्या सहीने खर्च करावा आणि त्या सहीचा हिशेब दरमहा कोणापुढे ठेवावा, हा एक आकडा नि एक नाव प्रत्येक कक्षाच्या भिंतीवर लावता आले, तर कामाच्या प्रसूतिकक्षातील परिचारिकेलाही हातमोजे संपल्यावर कोणाचे दार ठोठावायचे ते कळेल.