पेन्सिलीतला डोळा

परळच्या इस्पितळात गेलं की आधी बोटाला नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चाप लागतो. "काकू, बोट हलवू नका हं," असं सिस्टर दोनदा बजावतात. काकूंचा हात थरथरला की आकडा उडालाच. चापात एका बाजूला दोन दिवे असतात: एक तांबडा, ६६० नॅनोमीटरचा, आणि एक डोळ्याला न दिसणारा अवरक्त, ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा. समोर बोटातून आलेला उजेड मोजणारा सिलिकॉनचा टणक तुकडा. हा तुकडा चिकटपट्टीसारखा कातडीवर बसावा, हाताबरोबर वाकावा, म्हणून जगभर खटपट चालू आहे. त्यातली एक वाट पेन्सिलीतून जाते.

कुलपातली पूड

पावसाळ्यात चाळीतलं कुलूप अडलं की पेन्सिलीचं शिसं किसून भोकात टाकतात. ते शिसं नव्हेच, ते ग्राफाइट. त्याचे थर एकमेकांना जेमतेम धरून असतात, म्हणून घसरतात आणि कुलूप सुटतं. म्हणूनच ते सोलताही येतात. मँचेस्टरच्या गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने थरामागून थर काढत एका अणूच्या जाडीचं ग्राफीन वेगळं केलं, २००४ साली. त्यांना २०१० चं नोबेल मिळालं. गॅरेजातल्या काळ्या मोली ग्रीसमधला मोलिब्डेनम डायसल्फाइडही असाच सोलला जातो. त्याचा एक थर सुमारे ०.६५ नॅनोमीटर. अशा थरांवरचं काम बघायला मँचेस्टर गाठायला नको. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांचा गट ते करतो. त्यांना २०१५ चा भटनागर पुरस्कार मिळाला.

वाकवलं तर?

असा थर बसवलेलं २५ मायक्रॉन जाडीचं प्लास्टिक जाडजूड मार्करभोवती, म्हणजे ५ मिलिमीटर त्रिज्येवर, गुंडाळलं तर त्याची बाहेरची बाजू फक्त पाव टक्का ताणली जाते. वरचा एकेरी थर त्याहून कितीतरी पट ताण सोसतो. अर्थात सिलिकॉनही घासून खूप पातळ केलं की वाकतं. निम्मी करामत पातळपणाचीच.

उजेड पकडताना

खरी अडचण इथे आहे. मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकेरी थरातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला साधारण १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. तांबड्या दिव्याकडे ती आहे, अवरक्ताकडे नाही. म्हणजे चापातला एक दिवा याला दिसतच नाही! काळ्या फॉस्फरसला अवरक्त दिसतं, पण तो दमट हवेत खराब होतो. जुलैतल्या लालबागेत त्याची काय कथा. ग्राफीनला दोन्ही दिसतात, मात्र एक थर उजेडातला जेमतेम २.३ टक्के शोषतो.

बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१९ साली तोडगा दाखवला. त्यांनी ग्राफीनवर लेड सल्फाइडचे नॅनो-कण बसवले. कणांनी उजेड शोषायचा, ग्राफीनने वीज वाहून न्यायची. लवचिक पट्टीवर नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजून झाला. या कणांतलं शिसं मात्र खरं! लेड सल्फाइडचंच खनिज गॅलेना. त्याच्या स्फटिकावरच्या शोधकाचं अमेरिकी पेटंट जगदीशचंद्र बोस यांना १९०४ साली मिळालं होतं, आणि तो शोधक उजेडही ओळखत असे.

भट्टीतून प्लास्टिकवर

चिकटपट्टीने सोलून निघतात ते कपटे. मोठा सलग थर भट्टीत वाढवावा लागतो, बऱ्याचदा ७०० अंशांच्या वर, आणि तिथे प्लास्टिक टिकत नाही. म्हणून तो दुसऱ्या पृष्ठावर वाढवून, सोडवून, प्लास्टिकवर घ्यायचा. साबुदाण्याच्या पापड्या कागदावरून सोडवणाऱ्याला हे काम कळेल: घाई केली की सुरकुती पडते, नाहीतर कोपरा फाटतो.