उन्हाळ्यात कुत्र्याला घेऊन वाटेला लागताना

मे महिना लागला की आपल्या सिरोंचा भागातली नवरा-बायको घराबाहेर पडतात. कोणी तेंदूपत्त्याच्या कामाला, कोणी लग्नाला, कोणी भामरागडच्या डोंगराकडे माहेरी. घरात म्हातारं माणूस नसलं तर कुत्र्याला ठेवायचं कुणाकडे? मग तेही निघतं. मोटारसायकलवर पुढे नवरा, मागे बायको, मधे पिशव्या, आणि मागून जीभ काढून धावणारं कुत्रं. मराठीत कुत्रा म्हणा, तेलुगूत कुक्का म्हणा, जनावर तेच आणि त्याचे हालही तेच. आज त्याच्याबद्दल बोलू.

आपल्याला घाम येतो, वारा लागतो, अंग गार होतं. कुत्र्याला असा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या गाद्यांना थोडा येतो, तेवढाच. बाकीची सगळी उष्णता ते धापा टाकून बाहेर काढतं. जिभेवरचं आणि घशातलं पाणी श्वासाबरोबर उडून जातं आणि आतलं रक्त गार होतं. मातीच्या मडक्यातलं पाणी जसं गार होतं, तसंच हे. पण मडक्यात पाणी असेल तरच ना? कुत्र्याला प्यायला मिळालं नाही तर धापा टाकूनही उपयोग होत नाही. शिवाय वळवाचा पाऊस पडून गेल्यावर नदीकाठी दमट उकाडा होतो, तेव्हा जिभेवरचं पाणी लवकर उडत नाही. म्हणून पारा थोडा उतरलेला असला तरी त्या दिवशी कुत्रं जास्त लवकर दमतं.

निरोगी कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ते १०६ च्या पुढे गेलं की आतडी, मूत्रपिंडं आणि मेंदू यांना इजा व्हायला लागते. चंद्रपूर-गडचिरोलीत मे महिन्यात हवा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. डांबर तर साठच्या पुढे तापतं. आपण चप्पल घालून उभ्या असतो, ते अनवाणी. डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून सावकाश सात अंक मोजा. हात उचलावासा वाटला तर कुत्र्याला त्या रस्त्यावर चालवायचं नाही. रस्त्याच्या कडेच्या मातीवरून, गवतावरून चालवा.

गाडीमागे धावणाऱ्या कुत्र्याबद्दल मला जरा रागानंच बोलायचं आहे. बैल दमला की बसतो, शेळी अडून राहते. कुत्रं मालकाच्या मागे जात राहतं. त्याला थांबायचं कळत नाही, कारण तुम्ही दिसेनासे व्हाल ही भीती त्याला दमण्यापेक्षा मोठी वाटते. गावातलं कुत्रं काटक असतं, उन्हाची सवय असते, हे खरं. पण सवय असते ती सावली बघून बसण्याची. दुपारी घरी असलं की ते न्हाणीजवळच्या ओल्या मातीत खड्डा करून पडतं, हे तुम्ही रोज बघता. गाडीमागे धावताना तो खड्डा त्याला मिळत नाही.

कुत्र्यांना घेऊन डोंगर ओलांडणं ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलं आहे, ते म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातले धनगर. माण, खटाव, फलटण, पारनेर अशा कोरड्या भागांतली कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला मेंढरं घेऊन निघतात. त्यातली बरीच माळशेज, वरंधा यांसारख्या घाटांतून कोकणाकडे उतरतात आणि पावसाळा तोंडावर आला की परत घाट चढतात. नवरा-बायको, लेकरं, घोड्यावर लादलेला संसार, आणि बरोबर कुत्री. रात्री शेतात मेंढरं बसवली की लांडग्या-बिबट्याची चाहूल आधी कुत्र्याला लागते. घोड्यावर सामान लादणं, नव्या जागी चूल मांडणं, कोकरं सांभाळणं आणि कुत्र्यांना भाकरी घालणं ही कामं बाईची. हे लोक चालतात ते पहाटे आणि उन्हं उतरल्यावर. भर दुपारी मेंढरं झाडाखाली मुंडकी खाली घालून उभी, आणि कुत्री त्यांच्याच सावलीला पडलेली. कुणी त्यांना तापमान शिकवलेलं नाही. जनावर जितकं चालेल तितकंच आपलं चालणं, हा त्यांचा हिशोब.

खंडोबाच्या मूर्तीत आणि टाकात बघा, घोड्यावर देव, त्याच्याबरोबर म्हाळसा आणि पायाशी कुत्रं. त्याची दुसरी बायको बाणाई धनगराची. आपल्या नदीपलीकडे तेलंगणात हाच देव मल्लन्ना होतो, आणि कोमुरवेल्लीला त्याच्या दोन बायकांपैकी एक गोल्ला, म्हणजे गुरं-मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली. डोंगरातलं जोडपं आणि त्यांचं कुत्रं, हे चित्र आपल्या दोन्ही भाषांना जुनं आहे.

आता आपल्या रस्त्याचं बघू. सिरोंचाहून आलापल्ली सुमारे शंभर किलोमीटर. तिथून पेरमिली, ताडगाव करत हेमलकसा आणि भामरागड, आणखी पासष्ट. हे एका दमात दुपारी करायचं नाही. पहाटे चारला निघा, नऊच्या आत सावली गाठा, दुपार तिथंच काढा, पाचनंतर पुढे. चारला निघायचं म्हणजे दोनला उठून भाकरी कोण थापणार, असं तुमच्या मनात आलंच असेल. आदल्या रात्री थापून ठेवा. नाहीतर एक दिवस त्यांना थापू द्या, बिघडत नाही.

मोटारसायकलवर न्यायचं तर कुत्रं दोघांच्या मधे किंवा मजबूत टोपलीत. दोरी गळ्याला बांधून टोक गाडीला बांधू नका. कुत्रं उडी मारतं आणि फास बसतो. छातीभोवती आणि पुढच्या पायांमागून पट्टा घ्या, जुन्या नऊवारीच्या काठाचाही होतो. ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा पिकअप असेल तर तळाचा पत्रा तव्यासारखा तापतो, तिथं तागाचं पोतं भिजवून अंथरा आणि वर कापड ताणून सावली करा. चारचाकीत नेत असाल तर बाजारात उतरताना काचा लावून कुत्र्याला आत ठेवू नका. उन्हात उभी असलेली बंद गाडी दहा मिनिटांत आणखी दहा अंशांनी तापते. काच चार बोटं उघडी ठेवली तरी फारसा फरक पडत नाही. निघण्याआधी पोटभर खायला घालू नका, वाटेत ओकतं. पाणी मात्र दर तासाला, थोडं थोडं.

ऊन लागलं हे कसं ओळखायचं? धापा थांबत नाहीत, लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक होतात, पाय लटपटतात, ओकारी येते, मग कोसळतं. अशा वेळी गाडी पळवण्याआधी अंग गार करायचं. सावलीत न्या. पोटावर, काखेत, मांड्यांमधे साधं पाणी ओता आणि पदरानं किंवा पुठ्ठ्यानं वारा घाला. ओला दुपट्टा अंगावर झाकून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होतो आणि आतली उष्णता कोंडतो. शुद्धीत असेल तर भांडं पुढे धरा, स्वतः पिऊ द्या. तोंड उघडून ओतलं तर पाणी फुप्फुसात जातं. उठून बसलं तरी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, कारण आतली इजा एक-दोन दिवसांनी दिसते.

जंगलातली गोष्ट वेगळी आहे, आणि तिथं जीव आपला जातो. मोकळं कुत्रं झुडपात शिरतं, अस्वलावर भुंकतं, अस्वल अंगावर आलं की पळत येतं ते थेट तुमच्याकडे. मागून अस्वल. मोहफुलांच्या दिवसांत अस्वलं मोहाखालीच असतात, हे तुम्हाला मी काय सांगू! बिबट्याला तर कुत्रं म्हणजे आवडतं खाणं. म्हणून जंगलाच्या वाटेवर कुत्रं दोरीला हवंच, आणि रात्री मुक्कामाला ते दाराबाहेर बांधून ठेवू नका.

ससा दिसला म्हणून कुत्रं सोडणं ही १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार ठरते, गंमत म्हणून सोडलं तरीही. आपल्या जिल्ह्यात चपराळा आणि भामरागड ही अभयारण्यं आहेत, कोलामार्काला रानम्हशी आहेत. तिथं कुत्र्याला घेऊन शिरू नका. कुत्र्यांना डिस्टेंपर नावाचा आजार होतो, तो वाघ-सिंहांनाही लागतो. आफ्रिकेत सेरेंगेटीच्या जंगलात १९९४ साली सुमारे एक हजार सिंह त्यानं मेले. २०१८ साली गुजरातच्या गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले, तेव्हाही हाच विषाणू सापडला. हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी पोरक्या वन्यप्राण्यांसाठी घर केलं, ते बघायला आपण जातोच. तिथं आत जाताना आपलं कुत्रं बाहेर सावलीत एकाजणाजवळ ठेवा. दोघं आहात, पाळीपाळीनं बघा.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात आधी करायचं काम म्हणजे रेबीजची लस. वाटेतल्या प्रत्येक गावात तिथली कुत्री आपल्या कुत्र्याला घेरतात. भांडणं होतात, सोडवायला आपण हात घालतो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, मग दरवर्षी. पहिली लस काम करायला तीन-चार आठवडे घेते. त्यामुळे मे महिन्यात जायचं असेल तर मार्चमध्येच टोचून घ्या. डिस्टेंपरची लसही त्याच वेळी विचारा.

माणसाला चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा. मिरची, चुना, हळद, तेल काही भरायचं नाही. मग थेट प्राथमिक आरोग्य केंद्र. पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याचे दिवस गेले. आता लस दंडात देतात, तिचे सगळे डोस ठरल्या तारखांना पूर्ण करायचे. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही लागतं, ते मागून घ्या. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, म्हणून लग्न आटोपून मग बघू असं चालत नाही.

दोनच दिवसांचं जाणं असेल आणि कुत्रं म्हातारं, गाभण किंवा आखूड नाकाचं विकतचं असेल, तर त्याला नेऊच नका. बचत गटाच्या बैठकीत विचारून बघा. कुणीतरी दोन दिवस पाणी आणि भाकरी घालेल, आणि तिच्या वेळेला तुम्ही घाला. जाताना लसीचं कार्ड आणि तुमचा फोन नंबर तिच्याजवळ देऊन ठेवा.