चिकन गुलाबी कसं राहतं?

घरात चिकन शिजवणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे की ते शिजलं की पांढरं पडतं. मटण शिजलं की तपकिरी होतं. मग दुकानातल्या फ्रीजरमधलं सॉसेज आणि सलामी शिजवूनही गुलाबी कशी राहते? इतकी वर्षं नर्सिंग केलं, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो विचारला आमच्या शेजारच्या मावशींच्या नातीनं.

त्याचं झालं असं. मावशींचा बीपी काही केल्या खाली येईना. घरी जाऊन मोजला की १६०/१००, पुढच्या आठवड्यात १६४/९८. गोळी वेळेवर सुरू होती. पापड बंद, लोणचं बंद, भाजीत मीठ अर्धं. वैतागून त्या म्हणाल्या, "सिस्टर, आता अळणी खाऊन तोंडाची चव गेली, अजून काय सोडू?" मी त्यांना सकाळपासूनचं सगळं खाणं सांगायला लावलं. नात सात वाजता कामाला निघते. निघण्याआधी ती दोन सॉसेज तव्यावर टाकते, पावाबरोबर आजीला देते आणि स्वतःही खाते. आजीला चावायला सोपं, पचायला हलकं, असा तिचा हिशेब. पोरीच्या मायेत खोट नव्हती. पाकीट मात्र आम्ही कुणीच वाचलं नव्हतं.

मग रविवारी आम्ही दोघी ते वाचायला दुकानात गेलो. वाचणंही सोपं नाही हो. फ्रीजरच्या काचेवर वाफ धरलेली, पाकिटावर बर्फ. पुढच्या बाजूला हसरं मूल आणि 'प्रोटीन' हा शब्द ठळक. मागच्या बाजूला मुंगीएवढी अक्षरं, तीही इंग्रजीत. 'एकावर एक फ्री'ची चिठ्ठी नेमकी घटकांच्या यादीवर चिकटवलेली. तिथला मुलगा दोनदा येऊन "मॅडम, ऑफर आजच आहे" असं सांगून गेला. माझा नंबरचा चष्मा घरी राहिलेला, म्हणून नातीनं मोबाइलनं फोटो काढला आणि तो मोठा करून वाचला. तुम्हीही तसंच करा, चांगली युक्ती आहे.

इंग्रजीबद्दल इथेच सांगते. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे पाकिटावरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असली की पुरे. मराठी ही उत्पादकाची मर्जी. म्हणजे विदर्भात, मराठवाड्यात विकलं जाणारं पाकीट तिथल्या बाईला वाचता येईलच असं नाही. ज्या आईनं शिकून घेतलं ती वाचेल, जिला शाळा मिळाली नाही तिनं चित्र बघून विकत घ्यायचं. ही लहान गोष्ट नाही.

आता यादी. पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती म्हणजे घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. जे सगळ्यात जास्त ते आधी. आमच्या हातातल्या पाकिटावर पहिलं चिकन होतं, दुसरं पाणी. त्यानंतर चिकनची कातडी, तेल, सोयाचं प्रथिन, स्टार्च, मीठ आणि मग आकड्यांची रांग. नात म्हणाली, "पाण्याचे पैसे घेतात?" घेतात.

हे कसं बनतं ते थोडक्यात सांगते. कोंबडीचे चांगले तुकडे, म्हणजे छाती आणि तंगड्या, काढून विकले जातात. उरलेल्या सांगाड्याला हाडाशी मांस चिकटलेलं असतं. ते हातानं काढणं परवडत नाही, म्हणून सांगाडे यंत्रात दाबून चाळणीतून काढतात. बाहेर लगदा येतो. हा लगदा किंवा मांसाचे बारीक छाट, चरबी, बर्फाचं पाणी आणि मीठ एकत्र इतकं घोटतात की खिमा राहतच नाही, पीठ होतं. पाणी सुटू नये म्हणून फॉस्फेट घालतात. यादीत ४५१ हा आकडा दिसला तर तो त्यातलाच. सगळ्याच पाकिटांत लगदा नसतो, काहींत चांगलं मांसही असतं. पण चवीवरून ते ओळखता येत नाही, कारण चव मिठाची आणि मसाल्याची असते.

डायलिसिसवर असलेला किंवा किडनीचा आजार असलेला माणूस घरात असेल तर हे फॉस्फेट विसरू नका. डाळीत, धान्यात नैसर्गिक फॉस्फरस असतो, पण तो शरीरात पूर्ण शोषला जात नाही. वरून घातलेला जवळजवळ सगळा शोषला जातो, आणि बिघडलेली किडनी तो बाहेर टाकू शकत नाही.

आणि गुलाबी रंग? त्याचा आकडा २५०. हे सोडियम नायट्राइट. मांसातल्या लाल द्रव्याशी त्याचा संयोग होतो आणि शिजवलं तरी रंग गुलाबी राहतो. ते फक्त रंगासाठी घालतात असं नाही. हवा न लागणाऱ्या मांसात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. त्यांचं विष माणसाचा श्वास बंद पाडतं. नायट्राइट त्या जंतूंना रोखतं. 'बोट्युलिझम' हे नावच लॅटिनमधल्या सॉसेजच्या शब्दावरून आलं आहे, इतकं हे दुखणं जुनं. म्हणून कायद्यानं मर्यादा घालून नायट्राइटला परवानगी दिली आहे. अडचण पुढे आहे. मांसातल्या प्रथिनांच्या घटकांशी मिसळून त्यापासून नायट्रोसामाइन नावाची द्रव्यं तयार होऊ शकतात. कडक तव्यावर करपवलं तर जास्त, आणि पोटात गेल्यावरही. यातली कित्येक कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. उत्पादकांनाही हे माहीत आहे. काही पाकिटांवर ३१६ हा आकडा असतो, तो रंग टिकवायला आणि ही द्रव्यं कमी व्हावीत म्हणून घातलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं. पहिला गट म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टी. तंबाखूही त्याच गटात आहे. तेव्हापासून 'सॉसेज म्हणजे सिगारेट' असे मेसेज फिरतात, ते चूक आहेत. गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. तंबाखूनं मरणारी माणसं कितीतरी पट जास्त आहेत. त्याच संस्थेनं सांगितलं की रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. याचा अर्थ शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होतो असा नाही. समजा एखाद्या समाजात शंभरातल्या पाच जणांना तो आयुष्यात होणार असेल, तर रोज खाणाऱ्या शंभर जणांत तो साधारण सहा जणांना होईल. घाबरून जाण्यासारखं नाही, पण रोज लेकराच्या डब्यात घालण्यासारखंही नाही. वाढदिवसाला एकदा खाल्लं म्हणून काही होत नाही.

मावशींचा प्रश्न मात्र कर्करोगाचा नव्हता, मिठाचा होता. त्या पाकिटावर १०० ग्रॅमला ९०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं होतं. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं. म्हणजे सव्वादोन ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम, एक छोटा चमचा. मावशींच्या ताटातल्या दोन सॉसेजचं वजन जवळजवळ शंभर ग्रॅम भरलं. सकाळी आठच्या आत दिवसाचं निम्म्याजवळ मीठ पोटात, वर पावातलं वेगळं. आणि दुपारी बिचारी अळणी भाजी गिळत होती. ताज्या चिकनमध्ये १०० ग्रॅमला नैसर्गिक सोडियम शंभर मिलिग्रॅमच्याही आत असतं. पाकिटावर 'प्रति सर्व्हिंग' हा दुसरा रकानाही असतो, तो बघून फसू नका. त्यांची सर्व्हिंग म्हणजे बऱ्याचदा एकच सॉसेज. एकटं सॉसेज कोण खातं?

मावशींनी सॉसेज सोडलं, डॉक्टरांनी गोळीही बदलली. दीड महिन्यानं बीपी १३८/८६ होता. गोळीचा वाटा किती आणि सॉसेजचा किती हे मी सांगू शकत नाही, पण त्यांच्या भाजीत आता थोडं मीठ परत आलं आहे.

परतताना मी नातीला विचारलं, कोपऱ्यावर मटणाचं दुकान आहे, तिथून ताजं का आणत नाहीस? ती आधी वेळ नसतो म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मावशी, नव्या सोसायटीत वास जातो. वरच्या काकू विचारतात, आज काय शिजवलं. पाकिटाचं कुणाला कळत नाही."

हे मी बऱ्याच घरांत ऐकलं आहे. वस्तीतून फ्लॅटमध्ये गेलेल्या आपल्या कुटुंबांना मटणाचा वास खिडकीबाहेर जाऊ नये याची काळजी करावी लागते. भाड्याचं घर असेल तर जास्तच. सॉसेज चकचकीत पाकिटात येतं, फोडणीचा वास नाही, हाडं कचऱ्यात दिसत नाहीत. पोरांना वजडीचं नाव काढलं की लाज वाटते. त्या पोरांना सांगा, सॉसेजचं वेष्टण परंपरेनं बकरी-मेंढीच्या आतड्याचंच असायचं, आणि आजही कित्येक ठिकाणी असतं. आजी गरम पाण्यानं घासून घासून जी आतडी साफ करायची, तीच. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक ज्यांनी वाचलं असेल त्यांना आपल्या स्वयंपाकघरात काय काय शहाणपण होतं ते माहीत आहे. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं ते स्वाभिमानासाठी. पैसे देऊन आणलेल्या ताज्या मटणाची लाज बाळगा, असं त्यात कुठे होतं?

पण जुनं ते सगळं चांगलं असंही मी म्हणणार नाही. आपल्या चान्या, म्हणजे मीठ लावून उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, याही कर्करोग संस्थेच्या व्याख्येत बसतात. मीठ लावून टिकवलेलं मांस म्हणजे प्रक्रिया केलेलं मांस. आपल्याकडे त्यात नायट्राइट घालत नव्हते आणि कोरड्यास म्हणून दोन तुकडे भाजून भाकरीबरोबर खाल्ले जायचे, हा फरक आहे. मिठाच्या बाबतीत मात्र फरक नाही. बीपीच्या माणसानं चान्याही बेतानंच खाव्यात.

नगेट आणि पॅटी वेगळ्या. त्यात बऱ्याचदा २५० नसतो, यादी बघून खात्री करा. पण मैद्याचा थर, तळलेलं तेल आणि मीठ असतंच. पैशाचा हिशेब तिथेच घाला. समजा २५० ग्रॅमचं पाकीट १५० रुपयांना आहे, तर किलोला ६०० रुपये झाले, आणि त्यात पीठ व पाणी. एवढ्या पैशांत ताजं चिकन किती येतं ते तुमच्या कोपऱ्यावर विचारा.

मांसच सोडा असं मी सांगत नाही. ज्या उपासक-उपासिकांनी स्वखुशीनं सोडलं आहे त्यांच्याबद्दल आदर आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. वस्तीत हिमोग्लोबिन तपासताना आठ-साडेआठ बघून मला नवल वाटेनासं झालं आहे. अशा बाईनं आठवड्यातून एकदा थोडी कलेजी खाल्ली, वर लिंबू पिळलं, तर लोह चांगलं मिळतं. फक्त गरोदर असेल तर कलेजी टाळावी, तिच्यात अ जीवनसत्त्व फार जास्त असतं. रोजच्यासाठी अंडं आहे, एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं.

सकाळच्या घाईचं काय, हा नातीचा प्रश्न खरा आहे. उपदेशानं डबा भरत नाही. तिला मी जे करून दाखवलं ते सांगते. खाटकाकडून अर्धा किलो बिनहाडाचं चिकन घ्या आणि समोर खिमा करून घ्या. खिमा लवकर खराब होतो, म्हणून त्याच दिवशी शिजवायचा. त्यात बारीक कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर, एक उकडलेला बटाटा, चमचाभर बेसन आणि मीठ बेताचं. चपट्या टिकिया करून थोड्या तेलावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा. फ्रीजमध्ये दोन दिवस राहतात, सकाळी नीट गरम करून चपातीत गुंडाळायच्या. मावशींसाठी मिरची कमी घाला. पहिली टिकी मधून मोडून बघायची, आत गुलाबी दिसली तर ती कच्ची आहे, परत तव्यावर टाका.