आदेश हाती आला म्हणजे पारपत्राचे काम संपले?

अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील मुलकी कर्मचारी, म्हणजे लष्कराच्या नोकरीत असूनही सैनिक नसलेले अभियंते, दुभाषे वा लेखापाल, नाटोच्या संयुक्त मोहिमेसाठी युरोपात निघाले की लष्करी प्रवास-आदेश असल्यावर पारपत्र-व्हिसा लागत नाही, असे इतक्या ठामपणे सांगितले जाते, की सांगणाऱ्याने मूळ करार कधी उघडला असेल, असे वाटत नाही. परदेशात तैनात सैन्याच्या कायदेशीर स्थितीविषयी नाटो देशांनी १९ जून १९५१ रोजी लंडनमध्ये केलेल्या कराराच्या कलम ३ ने ही सूट दिली आहे ती केवळ सैन्यदलाच्या सदस्यांना. त्यांना छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि हालचालीचा आदेश पुरतो, आणि तो आदेशही स्वदेशाच्या भाषेबरोबर इंग्रजी व फ्रेंचमध्ये असावा लागतो. मुलकी कर्मचाऱ्यांना कलम १ ‘मुलकी घटक’ म्हणून वेगळे काढते, आणि कलम ३ चा तिसरा परिच्छेद त्यांच्या पारपत्रात तशी नोंद असावी असे बजावतो. पारपत्र लागतच नसते, तर नोंद करायची कशावर? एखादा यजमान देश स्वतंत्र करारान्वये अधिक सवलत देऊ शकतो, पण ती त्या देशाची मर्जी असते, प्रवास-आदेशाचा प्रताप नव्हे.

गोंधळाचे मूळ असे, की सैनिक आणि मुलकी कर्मचारी एकाच विमानात बसतात आणि ‘डीडी १६१०’ हा तात्पुरत्या कामगिरीच्या आदेशाचा नमुनाही दोघांना लागू असतो. हा कागद मात्र खात्यांतर्गत मंजुरी आहे: कोण, कुठे, कशासाठी जाणार आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षावर पडणार, एवढेच त्यातून ठरते. यजमान देशात शिरण्याची पूर्वसंमती वेगळी असून, तिच्या देशवार अटी संरक्षण खात्याच्या ‘फॉरेन क्लिअरन्स गाइड’मध्ये दिलेल्या असतात.

‘आधी जाऊन येऊ, आदेश मागाहून काढू’ हेही चालत नाही. निकडीच्या वेळी तोंडी आदेश देता येतो, पण तोही प्रवासापूर्वीच, आणि नंतर त्याची लेखी पुष्टी करावी लागते. कंत्राटदार कंपनीची माणसे या कर्मचाऱ्यांत मोडत नाहीत. त्यांना वेगळे अधिकारपत्र लागते. सैन्यासोबत जाणाऱ्या नागरिकाला मिळणारे जिनिव्हा ओळखपत्र त्याला सैनिक बनवते, ही समजूतही निराधार आहे, कारण १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचे कलम ४ त्याला सैन्याचा सदस्य न मानताच, पकडला गेल्यास युद्धकैद्याचा दर्जा देते.