कोपी, छप्पर, पाल आणि वाडा

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात गवता-पाचटाच्या लहानशा निवाऱ्याला जितके शब्द आहेत, त्यांच्यापुढे कागदोपत्री वापरली जाणारी ‘झोपडी’ फार तोकडी वाटते. रानात राखणीसाठी बांधलेलं ते खोपट. वस्तीवर मेढी रोवून, आडं टाकून, कुडाला शेणमाती लिंपून उभारलेलं ते छप्पर. बोलीत त्याचं ‘सपार’ होतं. ऊसतोडणीच्या टोळीची असते ती कोपी. कापडाचं किंवा आता ताडपत्रीचं, गाढवावर लादून पुढच्या गावी नेता येणारं ते पाल. आणि माण-खटाव-फलटणकडचा धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे निघाला की उघड्या रानात जिथे उतरतो, त्या तळाला तो वाडा म्हणतो. सरदाराचा चौसोपी तोही वाडा आणि भिंत-कौल काहीच नसलेला तोही वाडाच. कोशात या साऱ्यांपुढे ‘गवताची लहान झोपडी’ असं काहीसं लिहून मोकळं होता येतं, पण गावातला माणूस त्यांची सहसा गल्लत करत नाही. शेतकऱ्याच्या छपराला तो कोपी म्हणत नाही आणि कोपीला छप्पर म्हणत नाही. दोन्हींवर पाचटच असलं तरीही.

म्हणजे ही नावं सामानावरून पडलेली नाहीत. कूड, पाचट, कडबा, तुराट्या, बांबू हे सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच. बदलतं ते पायाखालच्या जमिनीशी असलेलं नातं, आणि तिथे किती दिवस राहायचं आहे हे. खोपटाची जमीन स्वतःची असते, घर गावात असतं. पीक निघालं की खोपटाचं काम संपतं, म्हणून त्याच्या वेड्यावाकड्या बांधणीची कुणाला लाज वाटत नाही आणि कीवही येत नाही. कोपीची जमीन दुसऱ्याची. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून, आणि सांगलीतल्याच जत-आटपाडीतूनही, नवरा-बायकोचा ‘कोयता’ मुकादमाकडून उचल घेऊन निघतो. बैलगाडीवाल्यांच्या कोप्या कारखान्याजवळ एकाच माळावर पाच-सहा महिने राहतात. ट्रक-ट्रॅक्टर भरणाऱ्या टोळ्यांना फड बदलेल तसं बिऱ्हाड हलवावं लागतं. हंगाम संपल्यावर जी जागा मोकळी करून द्यायची आहे, तिथे पाया कोण खणील? वाकवलेले बांबू, वर चटई किंवा कागद, आत वाकून शिरावं लागेल एवढं दार. या ओबडधोबडपणात अडाणीपणा शोधणाऱ्याने कारागिराच्या मुक्कामाचा हिशेब पाहिलेला नसतो. तोच माणूस आपल्या गावी चिऱ्याचं किंवा विटांचं घर नीट बांधतो. त्याच्या हाताला पक्कं बांधता येतं. कच्चा आहे तो त्याचा तिथला मुक्काम.

सरकारी मोजणी मात्र छप्पर आणि भिंत पाहते. २०११च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षणात वंचिततेचा पहिला निकष होता कच्च्या भिंतींची आणि कच्च्या छताची एकच खोली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाची यादी मुख्यतः त्याच सर्वेक्षणावरून निघाली. किमान २५ चौरस मीटरचं घर आणि सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचं साहाय्य. १९८५-८६ साली सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेपासून या मार्गाने लाखो कुटुंबांच्या डोक्यावर टिकाऊ छत आलं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या तोडकऱ्याचं गावातलं घर या योजनेत पक्कं झालं, तो कागदावर सुटला. वर्षातला जवळजवळ अर्धा काळ त्याची बायको कोपीत स्वयंपाक करते, कोपीतच बाळंत होते, याला त्या नोंदीत रकाना नाही. उलट ज्याच्या नावावर गुंठाभरही जागा नाही, त्याला यादीत नाव येऊनही घर बांधता येईना. शेवटी महाराष्ट्र शासनाला जागाखरेदीच्या अर्थसाहाय्याची वेगळी योजना, पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने, काढावी लागली. गाडं अडलं होतं ते जमिनीपाशी.

यावर कुणी म्हणेल की कारभार चालवायचा तर मोजता येईल असा निकष लागतोच, आणि विटा-सिमेंट मोजता येतात. मुक्काम नि हक्क कसे मोजणार? शिवाय पक्कं ते सुरक्षित, हे तर उघडच आहे. यातलं दुसरं विधान तितकंसं उघड नाही. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा पाटण तालुक्यात घात केला तो मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी. जाडजूड, पिढ्यान्‌पिढ्या टिकाव्या म्हणून बांधलेल्या या भिंती कोसळल्या. कुडाच्या हलक्या भिंतीत माणूस चिरडून टाकण्याइतकं वजनच नसतं. पुढे १९९३ साली किल्लारीच्या भूकंपाने हेच कितीतरी भयंकर प्रमाणात दाखवलं. आता पहिलं विधान. जमिनीचा हक्क मोजता येतो, सातबारा दुसरं काय करतो? यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत भटक्या-विमुक्त कुटुंबाला आधी पाच गुंठे जमीन आणि मग तीवर २६९ चौरस फुटांचं घर, असा क्रम ठेवला आहे. मोजण्याची तयारी असली की रकाना सापडतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. शब्दांच्या या बारकाव्यांचं कौतुक करणं म्हणजे दैन्याला नक्षी काढणं नव्हे काय? चुलीची ठिणगी उडून पाचटाच्या कोप्यांची रांग जळते, फडात साप निघतो, बाईला आंघोळीला आडोसा नसतो. हे खरंच आहे, आणि म्हणूनच शब्द नेमका हवा. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं आणि फलटण भागातल्या कैकाडी समाजाचं पालावरचं जगणं मराठी वाचकासमोर आलं. त्यातलं पाल ‘झोपडी’ म्हणून वाचलं तर दुःखाचं कारणच निसटतं. कापड फाटकं असणं हे त्यातलं लहान दुःख. गावाने हुसकलं की कधीही उठावं लागणं हे मोठं. १८७१च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्या १९५२ साली मोकळ्या झाल्या, तरी गावाबाहेर उतरलेल्या पालाकडे पाहणारी नजर बदलायला तेवढं पुरलं नाही. अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावहून मुंबईला गेले आणि घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. तिथे माणसं वर्षानुवर्षं राहतात, तरी वस्तीचं नाव झोपडपट्टीच. शहराच्या शब्दाने राहण्याचा काळ पुसून टाकला. महाराष्ट्राच्या १९७१च्या झोपडपट्टी कायद्यातली व्याख्याही, ही वस्ती तिथल्या आणि आसपासच्या लोकांच्या आरोग्याला व सुरक्षेला धोक्याची आहे का, असं विचारते. जागा कुणाची आणि माणूस तिथे कधीपासून आहे, हे त्या व्याख्येत येत नाही.

बोलीतले शब्दही आता सरमिसळ होताहेत, हे मान्य करायला हवं. पत्रा आणि ताडपत्री आल्यापासून छपरालाही ‘शेड’, कोंबड्यांच्या गाळ्यालाही ‘शेड’ आणि द्राक्षबागेवरच्या मजुराच्या खोलीलाही ‘शेड’च. कोपी हा शब्द त्यातूनही टिकून आहे, कारण टोळ्या अजून येतात. २०११च्या जनगणनेत घरांची यादी एप्रिल ते सप्टेंबर २०१० दरम्यान झाली. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतो. म्हणजे घरं मोजणारा प्रगणक रेठरे बुद्रुक किंवा साखराळ्याच्या कारखान्याजवळच्या माळावर पोहोचला असेल, तेव्हा तिथे चुलीचे दगड उरले असतील. पुढच्या जनगणनेसाठी घरयादीचा काळ जाहीर झाला तोही एप्रिल ते सप्टेंबर २०२६.